पडदा लागलेला असताना

२ मार्च

घुम्या,

फोनवर विचारावं तर तू ‘हं’ आणि ‘बघू’ या दोन शब्दांवर सगळा संसार चालवतोस, म्हणून पत्र लिहिते. पत्रात तू निदान बोलतोस.

माझ्या भाषणांचं पुस्तक निघतंय. हसू नकोस. इतकी वर्षं घसा फोडून बायकांना सांगत आले की घरात गप्प बसणं हा गुण नव्हे, ती आपल्याला लावलेली सवय आहे. आता तेच छापून येणार. प्रकाशकाने मुखपृष्ठासाठी वर उगारलेल्या मुठीचं चित्र दाखवलं. मी म्हटलं, मुठी पुष्कळ झाल्या, मला गळा हवा. चोच सताड उघडून गाणारा पक्षी हवा. आणि तो माझ्या भावाने घरच्या खिडकीतून टिपलेला असावा.

तुझे फोटो माझ्याकडे पेटीभर आहेत. चिमण्या दाणे टिपतायत, बुलबुल अंघोळ करतोय, साळुंक्या भांडतायत. सगळे देखणे आणि सगळे तुझ्यासारखे चोच मिटून! मला बोलणारा दे. महिनाअखेर प्रकाशकाला द्यायचा आहे, तेव्हा ‘बघू’ चालणार नाही.

आई कशी आहे? रविवारी फोनवर म्हणाली, तुझा पडदा लागला की तिला स्वतःच्या घरात चोरासारखं चालावं लागतं. हसत म्हणाली, पण म्हणाली.

तुझी ताई


९ मार्च

ताई,

तोफेचा गोळा पोचला. घर शाबूत आहे.

पडद्याचं सांगतो, म्हणजे तू मला राक्षस समजणार नाहीस. मागच्या खोलीच्या खिडकीला मी जुनी चादर लावली आहे. तिला मधोमध एक भोक पाडलं आणि आईनेच त्याचा काठ शिवून दिला. त्यातून फक्त कॅमेऱ्याचं तोंड बाहेर येतं. परसाच्या भिंतीवर पाण्याचं पसरट भांडं आहे. पक्षी तिथे येतात, पण घरातली सावली हलली किंवा भांडं वाजलं की भुर्र. म्हणून नियम केला: पडदा लागलेला असताना कोणी हाक मारायची नाही, नळ सोडायचा नाही, खुर्ची ओढायची नाही. दिवसभर स्टुडिओत मी लोकांना ‘हलू नका, हनुवटी खाली, पापणी मिटू नका’ असं सांगत पासपोर्टचे फोटो काढतो. पक्ष्यांना ते सांगता येत नाही, मग मीच हलत नाही.

आई हा नियम माझ्यापेक्षा कडक पाळते. परवा समोरच्या काकू दारातून काहीतरी विचारायला लागल्या, तर तिने ओठांवर बोट ठेवून त्यांना अशी खूण केली की त्या बिचाऱ्या घाबरून घरी गेल्या. नंतर चौकशी करायला आल्या, कोणाचं काही बरंवाईट झालं का म्हणून.

तुझ्यासाठी दयाळ पाहून ठेवला आहे. काळापांढरा, शेपटी उभारून मिरवणारा. सध्या रोज सकाळी भिंतीवर बसून गातो. अडचण अशी की काळ्या पिसांत त्याचा काळा डोळा बुडून जातो आणि फोटोत पक्ष्याऐवजी पक्ष्याच्या आकाराचं भोक दिसतं. ऊन तिरपं पडलं आणि त्याच वेळी त्याने मान वळवून चोच उघडली तर जमेल. प्रयत्न करतो. ‘बघू’ असं लिहिलेलं नाही, याची नोंद घे.

घुम्या


४ एप्रिल

घुम्या,

घरी पोचले. गाडीत सगळा वेळ आईचा चेहरा डोळ्यांपुढे होता. ऑपरेशननंतर शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिलं काय विचारलं, आठवतं? ‘गॅस बंद केला का?’ खुब्याचं हाड मोडलं, त्यात सळई घातली, आणि हिला गॅसची काळजी!

मी आठवडाभर राहून परत आले, याची मला लाज वाटते. परिषद होती, माझं भाषण होतं, पत्रिकेवर नाव छापलेलं होतं. ही कारणं मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकली असती तर भर सभेत त्यांच्या चिंध्या केल्या असत्या. म्हणून तुला बोल लावत नाही. आई स्वयंपाकघरात पडली तेव्हा तू मागच्या खोलीत होतास, दार लोटलेलं होतं, ऐकू आलं नाही, असं तू मला इस्पितळात आल्याआल्या सांगितलंस. आणि निघतानाही सांगितलंस. मला एकदाच पुरलं होतं रे.

स्टेशनवर तू हातात पाकीट कोंबलंस आणि वळून चालायला लागलास. गाडी सुटल्यावर उघडलं. घुम्या, काय फोटो आहे तो! चोच उघडी, गळा फुगलेला, डोळ्यात उन्हाचा ठिपका, शेपटी अशी की जणू व्यासपीठावर चढलाय. शेजारच्या बाईला दाखवला तर ती म्हणाली, ‘ऐकू येतोय की!’ प्रकाशक खूश आहे. हा क्षण तुला कधी सापडला? एवढ्या गडबडीत तू सांगितलंच नाहीस.

आता मुद्द्याचं. आई चालायला लागली की तिला मी इकडे आणायचं म्हणते. इथे लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, दिवसभर सोबतीला बाई ठेवता येईल. तू स्टुडिओत गेलास की ती एकटी असते. विचार कर आणि ‘हं’पेक्षा मोठं उत्तर दे.

ताई


११ एप्रिल

ताई,

आई आता चौपायी वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत जाते. व्यायामाच्या बाई येतात, त्यांच्याशी तिचं रोज भांडण होतं. ‘पाय उचला आजी’ म्हटलं की म्हणते, ‘आधी तुम्ही माझ्या वयाच्या व्हा, मग उचलून दाखवा.’

तिला नेऊ नकोस. मी स्टुडिओत अर्धाच दिवस जायचं ठरवलं आहे. दुपारनंतर घरीच असतो. न्हाणीघरात दांडे मीही बसवीन. तिला परसातली तिची झाडं दिसली नाहीत तर ती जेवत नाही, हे इस्पितळात तू पाहिलंस. हे घर तिच्या हातापायांच्या ओळखीचं आहे. आणि खरं सांगायचं तर ती गेली तर या घरात मी कशासाठी राहायचं, ते मला सुचत नाही.

दुसरं म्हणजे तो फोटो छापू नकोस. जवळून पाहिलास तर शेपटीचं टोक पुसट आहे. मोठा केला की फुटेल. सोबत दुसरे काही पाठवतो. त्यातला बुलबुलाचा बघ, त्याचीही चोच थोडी उघडी आहे. तो वापर. दयाळाचा मला परत पाठव.

मी त्या दिवशी मागच्या खोलीत होतो आणि दार लोटलेलं होतं. भांडं पडल्यासारखं काही ऐकू आलं असतं तर मी उठलोच असतो.

हल्ली पडदा लावत नाही. उकडतं.

घुम्या


२४ एप्रिल

घुम्या,

बुलबुल परत पाठवते. त्याची चोच उघडी नाही, त्याला जांभई आली आहे. शेपटीचं टोक पुसट आहे म्हणे! लहानपणी चित्रात पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाही तू परीक्षकांना सांगायला गेला होतास की झाडाचा रंग चुकलाय. नम्रतेलाही काही हद्द असते. मुखपृष्ठ तयार झालंय. दयाळाच्या उघड्या चोचीखाली माझं नाव, आणि पुस्तकाचं नाव ‘आवाज द्या’. नमुना पाहून मला चक्क रडू आलं.

उरलेलं उद्या लिहिते. आज रविवार, आईच्या फोनची वेळ झाली.


त्याच दिवशी, फोननंतर

आताच फोन ठेवला. समजून वाच.

मी सहज विचारलं, ‘आई, तू पडलीस तेव्हा बेशुद्ध झाली होतीस का गं?’ ती म्हणाली, ‘छे, चांगली जागी होते.’ मी म्हटलं, ‘मग हाक का नाही मारलीस?’ तर हसली. घुम्या, ती हसली आणि म्हणाली, ‘अगं, हाक कशी मारणार? पडदा लागला होता ना.’

पडदा लागला होता! मोडक्या हाडाची बाई फरशीवर पडून आहे, गॅसवरचा चहा उतू जाऊन आटतोय, आणि ती तोंडातून आवाज काढत नाही, कारण पलीकडे तिचा मुलगा पाखराची तसबीर काढतोय! कसला नियम घातलास तू या घराला? जगातल्या कुठल्या जुलमी सासूने सुनेकडून एवढी शिस्त करून घेतली नसेल. आणि तू ती कौतुकाने मला लिहून कळवलीस. मीही ती हसत हसत वाचली.

आता एकच विचारते आणि सरळ उत्तर दे. तुला खरंच ऐकू आलं नव्हतं?

काहीही असलं तरी मी पुढच्या महिन्यात येतेय आणि आईला घेऊन जातेय. यावर चर्चा नाही.

ताई


१ मे

ताई,

ती जागी होती, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मी धरून चाललो होतो की तिला भोवळ आली, म्हणून तिने हाक मारली नाही. मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं तर काय कळेल याची भीती होती.

मला ऐकू आलं होतं.

स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. आधी भांडं पडलं, मग काहीतरी जड पडलं. पिठाचा डबा असेल असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. डबा पडला की झाकण गरगरत राहतं. हा आवाज तसा नव्हता. मला तो कसला आहे ते कळलं आणि मी ते कळू दिलं नाही, हे दोन्ही एकदमच झालं. दयाळ नुकताच भिंतीवर बसला होता. आवाजाने तो उडाला नाही, उलट मान वळवली आणि गायला लागला. ऊन नेमकं तिरपं होतं. मी बटण दाबत राहिलो. ताईला चोच उघडी हवी होती, असं मनात होतं. हे तुझ्यावर ढकलत नाही. होतं, म्हणून लिहितो.

तो उडून गेल्यावरही मी लगेच उठलो नाही. आधी फोटो नीट आलाय का ते पाहिलं. आला होता. मग उठलो.

दारातून पाहिलं तर ती कुशीवर पडून फरशीकडे बघत होती. मला म्हणाली, ‘मिळाला का?’ मी म्हटलं, ‘हं.’ हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. तेव्हा वाटलं, ती बरळतेय.

तुला तो फोटो का दिला, ते मलाच धड माहीत नाही. घरात ठेववत नव्हता आणि फाडवतही नव्हता. इतका चांगला मी पुन्हा काढू शकणार नाही. हे लिहितानाही ते मनात येतंच, यावरून मी कसा माणूस आहे ते समज.

तिला घेऊन जा. मागच्या पत्रात नेऊ नकोस म्हटलं होतं, ते मागे घेतो. तिला सांभाळायचा हक्क मी त्या सकाळी घालवला. तिचं सामान बांधून ठेवतो.

घुम्या


८ मे

घुम्या,

तुझं पत्र वाचलं आणि तुला झोडायला कागद घेतला. अर्धा कागद झोडलंही. मग फाडला.

तुझं ते वाक्य, ‘ताईला चोच उघडी हवी होती.’ तू माझ्यावर ढकलत नाहीस म्हणतोस. ढकल! मी तारीख घालून दिली होती, ‘बघू चालणार नाही’ म्हणून दरडावलं होतं. आणि कशासाठी? तर बायकांनो आवाज द्या, हे सांगणाऱ्या पुस्तकाला शोभेसा पक्षी हवा म्हणून! आई त्या वेळी ओठ मिटून पडली होती. मी गावोगाव परक्या बायकांना विचारत फिरले, ‘तुमच्या घरात तुमचं कोण ऐकतं?’ माझ्या आईने मला रविवारी फोनवर हसत हसत सांगितलं होतं की तिला घरात चोरासारखं चालावं लागतं. मी ते एका ओळीत तुला कळवलं आणि पुढच्या ओळीत पाकीट बंद केलं. तू भिंतीपलीकडून ऐकलं नाहीस. मी तर कानाला फोन लावून ऐकलं नाही.

प्रकाशकाला कळवलंय की हे मुखपृष्ठ मला नको. तो चिडलाय. चिडू दे. दोन रात्री त्या उघड्या चोचीकडे पाहून मला झोप आलेली नाही. पुस्तकही मागे घ्यावं असं वाटायला लागलंय. माझ्या तोंडून ती वाक्यं कोणी का ऐकावीत?

पंधरा तारखेला येते. आईला न्यायला. तुला शिक्षा म्हणून नव्हे. तू म्हणतोस हक्क घालवला, मी म्हणते मला तो कधी नव्हताच, तो आता तरी मिळवू दे. आपल्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत व्हायला एवढं मोठं हाड मोडावं लागलं.

ताई


१२ मे

थोरले,

तुझं पत्र घुम्याच्या नावाचं होतं. तो स्टुडिओत होता. मी फोडलं. वाचल्यावर आधीची पत्रंही त्याच्याकडून मागून घेतली. त्याने ती आणून दिली आणि स्वतः तुला काय काय लिहिलं तेही सांगितलं. माझ्या एका हाडावर तुम्ही दोघांनी केवढा कागद खर्च केलात! तुला तुझी पत्रं परत हवी असतील तर सांग, पुढच्या पुस्तकाला होतील.

आता माझं ऐका. तुम्हा दोघांनाही खरं काय झालं ते ठाऊक नाही.

पडले तेव्हा हाक अगदी तोंडाशी आली होती. पडदाबिडदा काही आठवला नाही. तेवढ्यात पलीकडून खट् झालं. मग पुन्हा खट्, खट्. तुझ्या भावाचा कॅमेरा काय मला नवीन आहे? म्हटलं, याने ऐकलंय. ऐकूनही बटण दाबतोय. आणि मी हाक गिळून टाकली. मला बघायचं होतं की हा आपणहून कधी उठतो. परीक्षा घेतली म्हण, रुसले म्हण. या वयात, फरशीवर, खुबा मोडलेला असताना रुसले. चहा करपायला लागल्याचा वास आला तरी हट्ट सोडला नाही. गॅस चालूच होता. घराला काही झालं असतं म्हणजे? इस्पितळात मी गॅसचं जे विचारलं ते काळजीने नव्हतं गं, भीतीने होतं. मी एका हाकेत सगळं थांबवू शकत होते.

‘मिळाला का?’ हे मी बरळले नाही. टोमणा मारला होता. त्याला कळला नाही. त्याला टोमणे कधी कळले आहेत?

तुला फोनवर पडद्याचं सांगितलं ते त्यामुळेच. मुलाची परीक्षा घेत पडून राहिले होते, असं लेकीला कोणत्या तोंडाने सांगणार? पडद्याचं सांगून सगळं हसण्यावारी जाईल वाटलं. त्यापायी तू त्याला जुलमी सासू म्हणालीस. तेवढं त्याच्या वाट्याचं नव्हतं, ते माझं होतं. तो परीक्षेत नापास झाला आणि मी ती घेतली. तुझं काय चुकलं ते तू स्वतःच इतकं जोरात लिहिलंयस की मी भर घालत नाही. फक्त दोन रात्री झोपली नाहीस ते सोड. झोप.

मुखपृष्ठ बदलू नकोस. पाखराने काही केलेलं नाही. एवढा महागातला फोटो फुकट घालवायला आपण कोण मोठे सावकार लागून गेलो आहोत? पुस्तकही मागे घेऊ नकोस. पण शेवटी एक पान वाढव आणि तो गात होता तेव्हा घरात काय चाललं होतं, ते सगळं लिही. माझं रुसणंही लिही. बायका गप्प बसतात त्याला शंभर कारणं असतात, त्यात हेही एक असतं. तुझ्या भाषणांत ते मी कधी ऐकलं नाही.

राहिलं मला नेण्याचं. तू नेते म्हणतेस, तो ने म्हणतो, सामान बांधायला निघालाय. दोघांनी मिळून ठरवलंत आणि मला कोणी विचारलं नाही. यावर तुझ्या पुस्तकात एखादं भाषण असेलच, ते काढून वाच.

मी येत नाही. पंधराला तू ये, चार दिवस राहा, माझ्याशी बोल. पण परत जाताना तुझी पिशवी तेवढी ने.

घुम्याला मी माफ केलं असं समजू नकोस. राग अजून जागेवर आहे. तुझ्याकडे येऊन राहिले तर तो माझ्याबरोबर येईल, आणि तिथे तो उतरणार कोणावर? ज्याच्यावर आहे त्याच्या समोर राहिलं तरच तो जातो. हे माझं मत आहे आणि मी त्यावर भाषण करणार नाही.

काल सकाळी चहा पिताना मी म्हटलं, ‘साखर कमी पडली.’ माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत तो धडपडून उठला होता, खुर्ची मागे पडली, चेहरा पांढराफटक. मला ते बघवलं नाही. माझ्या आवाजाने माझं पोर असं दचकून उठलेलं मला नको आहे. मी हाक मारीन, तो ‘थांब गं, येतो’ म्हणेल, आणि सावकाश येईल. तेवढं होईपर्यंत मला या घरातून हलता येणार नाही.

तुझी आई